प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: ब्रिटनचे मागच्या रांगेतले टेनिसपटू आणि डेव्हिस कप

विम्बल्डनवर लिहिलं की पत्रं येतात हे ठरलेलं, पण यावेळी अल्काराझ आणि सिनर राहिले बाजूला, निम्म्याहून जास्त लोकांनी विचारलंय ते २००, ३००, ७०० नंबरच्या ब्रिटिश प्लेअर्सबद्दल. छान वाटलं. सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. आणि आजचा कुणाचाच नंबर मी खाली देत नाहीये, रँकिंग दर सोमवारी बदलतं, अंक तुमच्या हातात येईपर्यंत ते शिळं होणार. जे नंबर आहेत ते त्या त्या मॅचच्या वेळचे.

नाशिकहून एक वाचक विचारतात: दरवर्षी विम्बल्डनला कुणीतरी नाव न ऐकलेला ब्रिटिश पोरगा येतो, एखाद्या मोठ्या प्लेअरला हरवतो, दोन दिवस सगळीकडे त्याचे फोटो, आणि मग पुढच्या जूनपर्यंत त्याचा पत्ता नाही. हे लोक जातात कुठे?

मोनास्तिरला जातात. चेष्टा नाही करत. ट्युनिशियातलं मोनास्तिर, टर्कीतलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म-अल-शेख अशा ठिकाणी रिसॉर्टच्या कोर्टांवर जवळजवळ वर्षभर आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) छोट्या टूर्नामेंट चालू असतात आणि ज्याचा नंबर चारशे-पाचशेच्या मागे आहे त्याची रोजची नोकरी तिथे असते. सगळ्यात खालची टूर्नामेंट १५ हजार डॉलरची, म्हणजे हे १५ हजार सगळ्या ड्रॉमध्ये वाटायचे, सिंगल्स जिंकणाऱ्याच्या हातात येतात २,१६० डॉलर, त्यातच विमान, हॉटेल, स्ट्रिंगिंग, आणि कोच परवडत असेल तर त्याचा खर्च. आता विम्बल्डन बघा, २०२५ ला पहिल्या राउंडला हरून घरी गेलेल्याला ६६ हजार पाउंड मिळाले. पॉइंट्सचंही तसंच, विम्बल्डनला एक मॅच जिंकली की ५० आणि तिकडे मोनास्तिरला आठवडाभर राबून अख्खी टूर्नामेंट जिंकली तर १५.

म्हणून तो जूनमधला एक विजय रँकिंगमध्ये असा काही फुगतो की वाटतं हा आता आलाच वर, पण ते पॉइंट्स ५२ आठवड्यांनी गळतात आणि मधल्या काळात हार्ड कोर्टवर, क्लेवर, रिकाम्या स्टँडसमोर काही कमावलं नसेल तर पुढच्या जूनमध्ये माणूस पुन्हा तिथेच. मार्कस विलिस आठवतोय का? २०१६ ला ७७२ नंबर, क्लबमध्ये कोचिंग करणारा, प्री-क्वालिफाइंगपासून सहा मॅचेस जिंकून मेन ड्रॉमध्ये आला, पहिल्या राउंडला बेरान्किसला हरवलं आणि मग सेंटर कोर्टवर फेडररसमोर उभा राहिला. ६-०, ६-३, ६-४ हरला, पण फेडररच्या डोक्यावरून एक लॉब मारला तेव्हा स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. पुढे सिंगल्समध्ये तो टॉप १०० च्या जवळपासही गेला नाही.

मधली पायरी असते चॅलेंजर, आयटीएफच्या वर आणि एटीपी या पुरुषांच्या मुख्य टूरच्या खाली. पुणेकरांना हे बालेवाडीत बघायला मिळालंय, २०१८ ते २०२३ तिथे महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० स्पर्धा होती आणि २०२४ पासून चॅलेंजर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर ही रणजी. माणूस खरा किती पाण्यात आहे ते इथे कळतं, विम्बल्डनला नाही. माझं तर सरळ मत आहे की कुठल्याही ब्रिटिश प्लेअरचं भविष्य सांगायचं असेल तर त्याचे जून-जुलैचे निकाल हाताने झाका आणि ऑक्टोबर ते मार्चचे बघा.

साताऱ्याहून: डेव्हिस कपची टीम रँकिंगप्रमाणेच निवडतात ना? मग तीनशेव्या नंबरच्या प्लेअरला काय चान्स?

नाही, रँकिंगप्रमाणेच असा काही नियम नाही. डेव्हिस कप म्हणजे पुरुषांची देशा-देशांतली स्पर्धा, दोन देशांच्या लढतीला टाय म्हणतात, साधारण पाच मॅचेसची. कॅप्टन जास्तीत जास्त पाच नावं देतो, कोणाची द्यायची ते तो ठरवतो. ब्रिटनचा कॅप्टन लिऑन स्मिथ, २०१० पासून तोच आहे. आणि तीनशेव्या नंबरला चान्स असतो का म्हणाल तर ब्रिटनला २०१५ चा डेव्हिस कप मिळाला त्याची सुरुवातच तीनशेच्या बाहेरच्या एका पोराने करून दिली होती, ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यांना अँडी मरेच आठवतो.

२०१० च्या मार्चमध्ये ब्रिटन लिथुआनियाकडून हरलं होतं, व्हिल्निअसला, ३-२. लिथुआनियाची टीम म्हणजे बहुतेक सगळी टीनएजर पोरं. शेवटची निर्णायक मॅच हरला तो १९ वर्षांचा डॅन इव्हान्स. पेपरवाल्यांनी सालटी काढली, कॅप्टन जॉन लॉइड गेला, स्मिथ आला, आणि अगदी तळाच्या ग्रुपमध्ये पडू नये म्हणून ईस्टबर्नला टर्कीशी खेळायची वेळ आली. ती जिंकली, मग हळूहळू वर सरकत २०१३ च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीला रशियाशी गाठ पडली. मरे नव्हता. पहिल्या दिवशी जेम्स वॉर्ड आणि इव्हान्स दोघंही हरले, ०-२. दुसऱ्या दिवशी डबल्स जिंकली. तिसऱ्या दिवशी दोनशेच्या बाहेरचा वॉर्ड तुर्सुनोवला पाच सेटमध्ये हरवतो आणि मग ३२५ नंबरचा इव्हान्स, तोच व्हिल्निअसवाला इव्हान्स, डॉन्स्कॉयला तीन सरळ सेटमध्ये उडवतो. ०-२ वरून टाय जिंकायची ही ब्रिटनची १९३० नंतरची पहिली वेळ.

त्या विजयामुळे क्रोएशियाशी प्लेऑफ मिळाला, तिथे मरे परत आला, टीम वर्ल्ड ग्रुपमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, गेली. २०१४ ला सॅन दिएगोत वॉर्डने सॅम क्वेरीला हरवलं. २०१५ ला ग्लासगोत अमेरिकेविरुद्ध त्याच वॉर्डने जॉन इस्नरला दोन सेट पिछाडीवरून पाचव्या सेटमध्ये १५-१३ असं हरवलं, जवळपास पाच तास चालली ती मॅच. वर्षभरात ब्रिटनने जिंकलेल्या चार टायमध्ये मिळून जे १२ पॉइंट होते त्यातले ११ अँडी मरेने, एकट्याने किंवा भाऊ जेमीबरोबर डबल्समध्ये, मिळवले. बारावा वॉर्डचा. तो नसता तर अमेरिकेविरुद्ध ३-२ चं २-३ झालं असतं आणि पहिल्याच राउंडला सगळं संपलं असतं.

आणि हाच वॉर्ड फायनलला सिंगल्स खेळला नाही बरं का. बेल्जियमने गेंटला क्लेचं कोर्ट टाकलं होतं आणि २० वर्षांच्या काइल एडमंडने फायनलच्या थोडं आधी ब्वेनोस आयरेसला क्लेवरची चॅलेंजर जिंकली होती, स्मिथने त्याला उतरवलं, थेट फायनलमध्ये पदार्पण, गोफँविरुद्ध पहिले दोन सेट घेतले पोराने आणि मग हरला. वॉर्डला काय वाटलं असेल देव जाणे. पण कॅप्टन बघतो ते हेच, सर्फेस कोणता, समोर कोण, आणि गेल्या महिन्यात कोण जिंकतोय. कॅमेरॉन नॉरीचंही असंच झालं, २०१८ च्या सुरुवातीला मार्बेयाला क्लेवर स्पेनशी टाय, नॉरी ११४ नंबर, क्लेवर तोवर जवळपास काहीच खेळलेला नाही, आणि रॉबेर्तो बाउतिस्ता आगुटला दोन सेट मागे असताना हरवलं. टाय ब्रिटन हरलं तरी नॉरीचं नाव तिथून झालं.

डोंबिवलीचे एक वाचक: बिली हॅरिस व्हॅनमध्ये राहायचा हे खरं की मीडियाने रंगवलेलं? आणि तो टीममध्ये टिकेल का?

खरं आहे. आइल ऑफ मॅनचा हा पोरगा, फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेतली, मागे झोपायची सोय केली आणि युरोपभर एका छोट्या टूर्नामेंटहून दुसरीकडे स्वतः गाडी चालवत जायचा, कारण हॉटेलचे पैसे वाचले की आणखी एक आठवडा खेळता येतं. २०२४ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, क्वीन्सला क्वार्टर फायनल आणि लगेच ईस्टबर्नला सेमी फायनल. मग २०२५ च्या सुरुवातीला जपानमध्ये डेव्हिस कप खेळला, ब्रिटनचा नंबर एक जॅक ड्रेपर दुखापतीमुळे नव्हता, सोबतचा जेकब फर्नली तर पहिल्यांदाच खेळत होता. डबल्सनंतर ब्रिटन २-१ ने पुढे होतं आणि तिथून शेवटच्या दोन्ही सिंगल्स गेल्या, ३-२ ने हरले.

टिकेल का, तर मला वाटतं पहिली पसंती म्हणून नाही, चौथा-पाचवा म्हणून हो. आणि हे कमी लेखून म्हणत नाहीये. ब्रिटनची गोची नेहमी तिथेच असते, ड्रेपर-नॉरी फिट असले की टीम जगात कोणालाही नडेल, पण ड्रेपरचं शरीर किती वेळा साथ देत नाही ते आपण बघतोच, मग अचानक दोन मोठी नावं गायब आणि शंभराच्या आसपासच्या माणसाला परदेशात, पाचव्या मॅचला, सगळा हॉल विरुद्ध ओरडत असताना उतरायचं. त्या जागेसाठी मला विशीतल्या टॅलेंटेड पोरापेक्षा व्हॅनमध्ये झोपलेला माणूस जास्त चालेल. डेव्हिस कपला हल्ली रँकिंग पॉइंट्सही मिळत नाहीत, म्हणजे करिअरच्या हिशेबाने तो आठवडा वायाच, त्यामुळे मनापासून यावंसं वाटणाऱ्याला तर आणखी किंमत.

छत्रपती संभाजीनगरहून एक पालक: मुलगी १६ वर्षांची, टेनिस चांगलं खेळते. ब्रिटिश पोरं अमेरिकेत कॉलेजला जातात असं ऐकलं. त्याने टेनिस मागे पडत नाही का?

आधी पडायचं असं समजायचे लोक, १८ व्या वर्षी प्रो नाही झालात तर संपलं. आता ब्रिटनचीच यादी बघा. नॉरी टेक्सासमधल्या टीसीयूचा. फर्नली टीसीयूचा. जॅक पिनिंग्टन जोन्सही टीसीयूचा आणि तो आणि फर्नली २०२४ ला एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) जिंकणाऱ्या टीममध्ये एकत्र होते. आर्थर फेरी स्टॅनफर्डचा. ऑलिव्हर टार्वेट सॅन दिएगोचा. डबल्समधला हेन्री पॅटन नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचा. पॉल जब, ज्याला हलमध्ये आजीने वाढवलं, त्याने साउथ कॅरोलायनाकडून २०१९ ला एनसीएए सिंगल्स जिंकली.

फर्नलीचं उदाहरण सगळ्यात बोलकं. २०२४ च्या जूनमध्ये कॉलेज संपवून आला तेव्हा नंबर पाचशेच्याही मागे. नॉटिंगहॅमची चॅलेंजर जिंकली, त्यावर विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड (रँकिंग न बघता दिलेला थेट प्रवेश) मिळालं, दुसऱ्या राउंडला जोकोविचकडून एक सेट काढला, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यानंतर गायब झाला नाही, उरलेलं वर्ष चॅलेंजर खेळत, जिंकत, वर्ष संपताना टॉप १०० मध्ये. २०२५ ला मेलबर्नला पहिल्याच राउंडला किरियॉसला हरवलं आणि पुढे टॉप ५० च्या आत जाऊन आला. चार वर्षं फुकटात कोच, जिम, फिजिओ, आठवड्याला मॅचेस आणि डिग्री, हे १८ व्या वर्षी मोनास्तिरला एकट्याने फिरण्यापेक्षा बरंच बरं.

फक्त पैशांचे नियम नीट वाचून घ्या. टार्वेट २०२५ ला ७३३ नंबरवर असताना विम्बल्डन क्वालिफाय झाला, पहिली मॅच जिंकली, दुसऱ्या राउंडला सेंटर कोर्टवर अल्काराझशी चांगला झुंजला, बक्षीस होतं ९९ हजार पाउंड आणि कॉलेजचं टेनिस अजून बाकी असल्यामुळे तेव्हाच्या एनसीएए नियमाने त्याला वर्षाला १० हजार डॉलर आणि वर खर्च एवढंच घेता येत होतं. असे नियम बदलत असतात, जाताना ताजे बघा.

आपल्याकडेही हा रस्ता चालू झालाय. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भारताने स्वित्झर्लंडला त्यांच्या घरी, बीलला हरवलं तेव्हा पहिल्याच मॅचला यरोम किमला हरवणारा दक्षिणेश्वर सुरेश वेक फॉरेस्टचा कॉलेज प्लेअर होता आणि त्याचा नंबर होता सहाशेच्या बाहेर. कॉव्हेंट्रीच्या इव्हान्सपेक्षाही मागे!

कोल्हापूरहून: सगळे पुरुषांबद्दलच लिहितात. राडुकानू सोडली तर ब्रिटनच्या मुलींमध्ये काय आहे?

तक्रार बरोबर आहे, आणि गंमत अशी की टीम म्हणून मुलींनीच अलीकडे जास्त दाखवलंय. २०२२ ला ग्लासगोत बिली जीन किंग कपची (म्हणजे मुलींच्या डेव्हिस कपची) फायनल्स, राडुकानू दुखापतीने बाहेर, पहिली टाय कझाकस्तानकडून गेलेली, त्यामुळे पुढे जायचं तर स्पेनला ३-० नेच हरवायला लागणार. हेदर वॉटसन जिंकली, मग शंभराच्या आसपास असलेल्या हॅरिएट डार्टने पाउला बादोसाला हरवलं, आणि अलिशिया बार्नेट-ऑलिव्हिया निकोल्स या जोडीने डबल्स काढली. बाहेरच्या कितीजणांनी ही दोन नावं त्याआधी ऐकली होती? सेमी फायनलला ऑस्ट्रेलियाशी शेवटच्या डबल्सच्या मॅच टायब्रेकपर्यंत गेले आणि तिथे हरले.

नंतर आली सोनय कार्टल, ब्रायटनची. २०२४ च्या विम्बल्डनला ती अडीचशेच्या बाहेर होती, क्वालिफाय करून तिसऱ्या राउंडपर्यंत गेली, कोको गॉफकडून हरली. हीसुद्धा गायब होईल असं वाटलं असेल, पण सप्टेंबरमध्ये पहिलं डब्ल्यूटीए टायटल जिंकलं आणि कुठे, तर मोनास्तिरला. (वर मोनास्तिरला नावं ठेवल्यासारखं वाटलं असेल तर हे वाचा.) २०२५ ला विम्बल्डनच्या चौथ्या राउंडला, जिथे पावल्युचेंकोवाविरुद्ध लाइन कॉलिंगचं मशीनच बंद पडलं होतं तीच मॅच. त्याच सप्टेंबरात शेनझेनला राडुकानू नसताना टीम सेमी फायनलला गेली, तेव्हा कार्टल सिंगल्स खेळत होती. कॅप्टन अ‍ॅन कियोथावोंगबद्दल स्मिथपेक्षा कमी बोललं जातं, का कळत नाही.

मुंबईहून दोन वाचक, जवळपास सारखाच प्रश्न: ब्रिटनकडे डबल्सचे एवढे चॅम्पियन आहेत, मग डेव्हिस कप का येत नाही?

चॅम्पियन आहेत हे खरंच. २०२५ ला ग्लासपूल आणि कॅशने विम्बल्डन जिंकलं, दोघंही ब्रिटिश असलेली १९३६ नंतरची पहिली जोडी. पॅटनने फिनलंडच्या हेलिओव्हाराबरोबर २०२४ चं विम्बल्डन आणि २०२५ चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं, हाच पॅटन आधी विम्बल्डनला मॅचेसचा डेटा भरायचं काम करायचा. शिवाय सॅलिसबरी, स्कुप्स्की. यातले कोणते दोन घ्यायचे हीच डोकेदुखी.

पण घरच्या किंवा बाहेरच्या टायमध्ये डबल्सचा एकच पॉइंट, पाचातला एक. दोन डबल्सवाले घेतले की पाचातल्या दोन जागा गेल्या, उरल्या तीन, त्यातला एक जखमी झाला की बेंच रिकामा. जपानमध्ये डबल्स जिंकूनही टाय गेली ती यामुळे. नंतर सप्टेंबरमध्ये पोलंडला गडिनियात ३-१ ने हरवलं तेव्हा नॉरी होता. शेवटच्या आठ टीम्सच्या फायनल्समध्ये मात्र टाय तीन मॅचेसची असते, दोन सिंगल्स एक डबल्स, तिथे डबल्सवाल्यांचं वजन एकदम वाढतं. तिथपर्यंत पोचवायचं काम मात्र सिंगल्सवाल्या दोन आणि तीन नंबरचं.

जळगावहून: वाइल्ड कार्ड बंद करावीत का?

नाही. पण फक्त ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून चौथ्यांदा पाचव्यांदा देऊ नयेत. चॅलेंजरला कसा खेळला ते बघून द्यावीत, फर्नलीला जसं नॉटिंगहॅम जिंकल्यावर मिळालं तसं.

पिंपरीहून: पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणावर लक्ष ठेवू? नावं सांगा, गोल गोल उत्तर नको.

बरं. माझं पहिलं नाव फेरी. उंची फार नाही, सर्व्हिसवर फुकटचे पॉइंट मिळत नाहीत, पण हालचाल आणि डोकं दोन्ही चांगलं, २०२५ ला विम्बल्डनला २० वा सीड पॉपिरिनला हरवलं तेव्हा साडेचारशेच्या बाहेर होता. असा प्लेअर क्लेवर, स्लो हार्डवर डेव्हिस कपला उपयोगी पडतो. दुसरा पिनिंग्टन जोन्स, त्याच विम्बल्डनला त्याने एचेव्हेरीला हरवलं, गेम मोठा आहे पण हिवाळ्याची परीक्षा बाकी. तिसरा हेन्री सर्ल, वुल्व्हरहॅम्प्टनचा डावखुरा, २०२३ चा विम्बल्डन ज्युनियर चॅम्पियन, १९६२ नंतर हे जिंकणारा पहिला ब्रिटिश मुलगा. त्याच्याकडे सर्व्हिस आहे, पण ज्युनियर चॅम्पियन म्हणून आत्तापासून डेव्हिस कपच्या टीममध्ये नाव लिहू नका, निदान दोन वर्षं द्या. टार्वेटचं मला अजून सांगता येत नाही.

आणि ड्रॉ उघडून नुसते स्कोअर बघू नका, चॅलेंजरच्या मॅचेस एटीपीच्या साइटवर लाइव्ह दिसतात, फुकट. एक कॅमेरा, कधी कधी कॉमेंट्रीही नाही, प्रेक्षक बोटावर मोजण्याइतके. तिसऱ्या सेटला ४-४ असताना फेरी सेकंड सर्व्ह कुठे टाकतो ते बघा, मग मला लिहा.